जाधव आडनाव, यादव घराणं आणि डीएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाधव कुळीची माहिती जमवायला लागल्यापासून लोकांचे प्रश्न येतात ते फिरून फिरून हेच. कुणाला देवगिरीशी नातं लावायचं असतं. कुणाच्या हातात चाचणीचा निकाल असतो आणि त्यातलं काही उमगत नसतं. कुणाला जातपडताळणीसाठी पणजोबांचं नाव हवं असतं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. जाधव म्हणजेच यादव ना?

शब्द म्हणून हो. संस्कृतातला सुरुवातीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, तसा यादवाचा जादव आणि पुढे जाधव. गुजरातेत ‘जादव’ हे रूप अजून टिकून आहे. विदर्भातले बरेच जाधव इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ओ’ लावतात, त्याने घराणं वेगळं होत नाही. पण शब्द एक म्हणून रक्त एक, असं मात्र समजू नका. ते पुढच्या उत्तरात.

२. म्हणजे आम्ही सगळे जाधव देवगिरीच्या रामदेवरावाचे वंशज का?

सगळे नाही. काही घराणी असू शकतील, पण महाराष्ट्रातले लाखो जाधव एका राजघराण्यातून आले हे शक्य नाही.

देवगिरीच्या यादवांची सत्ता १३१७-१८ च्या सुमारास संपली. रामदेवरावाचा जावई हरपालदेव याला दिल्लीच्या मुबारकशाहाने मारलं, तिथे शेवट झाला. त्यानंतर ‘जाधव’ हे नाव ठळकपणे पुढे येतं ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सिंदखेडच्या लखुजीरावांबरोबर. मधली सव्वादोनशे-अडीचशे वर्षं भरून काढणाऱ्या वंशावळी आहेत, पण त्या बहुतेक नंतरच्या काळात लिहिलेल्या. घराण्याला मान मिळाला की वंशावळ मागे नेऊन मोठ्या नावाला जोडायची, हा रिवाज तेव्हा भारतभर होता. मोऱ्यांनी मौर्यांशी आणि शेलारांनी शिलाहारांशी नातं सांगितलं ते याच धाटणीचं. ते खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पुराव्याची साखळी सलग नाही, एवढंच.

आणि राजघराण्याचं नाव राजघराण्यापुरतं कधीच राहत नाही. सरदाराच्या पदरचे शिलेदार, त्याच्या वतनातले कुणबी, गावचे बलुतेदार अशा अनेकांना ते नाव लागलं. त्याबद्दल प्रश्न ५ पाहा.

३. देवगिरीचे यादव मूळचे कुठले? मथुरेचे, द्वारकेचे की कर्नाटकातले?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक उत्तर आधीच हवं असतं. म्हणून उपलब्ध साधनं काय सांगतात तेवढंच मांडतो.

यादव स्वतः आपलं मूळ यदूपर्यंत नेत. शिलालेखांत ते ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावतात. महादेव आणि रामदेवराव यांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने आपल्या ग्रंथात राजवंशाची प्रशस्ती दिली आहे. तिच्यात सुबाहू नावाच्या राजाने राज्य चार मुलांत वाटलं आणि दुसऱ्या मुलाला, दृढप्रहाराला, दक्षिणेकडचा वाटा मिळाला अशी कथा येते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामदेवरावाला ‘यदुवंशविलासु’ म्हटलं आहे. हा सगळा घराण्याने स्वतःबद्दल सांगितलेला इतिहास.

जमिनीवरचा इतिहास नाशिक जिल्ह्यात सुरू होतो. नवव्या शतकात दृढप्रहार चंद्रादित्यपुरात, म्हणजे आजच्या चांदवडच्या बाजूला, ठाणं करून होता. त्याचा मुलगा सेऊणचंद्र, आणि त्याच्यावरून त्या मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले. हे लोक आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचं जोखड झुगारून देवगिरीला राजधानी केली. त्यांचे अनेक लेख कानडीत आहेत आणि नंतरच्या काळात मराठी लेख वाढत जातात. यावरून कुणी त्यांना कानडी ठरवतं, कुणी मराठी. मला तो वाद तितका महत्त्वाचा वाटत नाही. तेव्हाच्या दख्खनेत दरबारी भाषा आणि घरची भाषा वेगवेगळी असणं नवलाचं नव्हतं.

४. सिंदखेडराजाच्या जाधवरावांशी आमचं नातं आहे की नाही, कसं कळेल? आम्हीही ‘जाधवराव’ लावतो.

‘राव’ हा मानाचा शब्द आहे. तो काही घराण्यांत किताबासारखा आला, काहींनी पुढे आपणहून लावला. त्यामुळे नुसत्या ‘जाधवराव’ लिहिण्यावरून काही ठरत नाही.

सिंदखेडचं घराणं जिजाऊंचं माहेर. त्यांचा जन्म १५९८ चा. १६२९ साली निजामशाहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव यांची एकाच वेळी हत्या झाली, आणि तीही देवगिरीच्याच किल्ल्यात. ज्या गडाशी घराणं आपली नाळ सांगत होतं तिथेच तीन पिढ्या कापल्या गेल्या. सिंदखेडराजात लखुजीरावांची भव्य समाधी उभी आहे. दर १२ जानेवारीला जिजाऊजयंतीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत जाधव किती आणि इतर किती, हे कुणी मोजत नाही, आणि तेच बरोबर आहे.

या घराण्याच्या शाखा पुढे देऊळगावराजा, जवळखेड, मेहुणाराजा, आडगावराजा अशा गावी पसरल्या. सेनापती धनाजी जाधव याच कुळातले. त्यांचे पुत्र चंद्रसेन पुढे निजामाकडे गेले. तुमच्या घरी यांपैकी एखाद्या गावच्या देशमुखीचा किंवा पाटीलकीचा कागद, वाटणीपत्र, इनामाची सनद असेल तर धागा तिथून धरा. आधी कागद आणि मग डीएनए, हा क्रम उलटा करू नका.

डीएनएने हे पडताळायचं असेल तर पद्धत अशी. कागदांनी सिद्ध झालेल्या, एकमेकींपासून जुन्या काळात फुटलेल्या किमान दोन शाखांतल्या पुरुषांचं वाय-गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाला जाणारं गुणसूत्र (प्रश्न ८ पाहा), तपासायचं. ते आपसांत जुळलं तर त्या घराण्याची पितृवंशाची खूण हाती आली असं म्हणता येतं. मग तुमचं तिच्याशी ताडून बघायचं. ही खूण नसताना तुमचा एकट्याचा निकाल सिंदखेडबद्दल काहीही सांगू शकत नाही.

५. जाधव मराठ्यांत आहेत, महारांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, रामोशी, माळी, धनगर, कैकाडी सगळीकडे आहेत. मग खरे जाधव कोण?

सगळे खरे. आडनाव ही कुणा एकाची मिरास नाही, आणि ‘ते आमचं नाव वापरतात’ हा सूर या विषयात मी चालू देत नाही. पण असं का झालं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण वाटा वेगवेगळ्या आहेत.

एक वाट गावाची. पाटील जाधव, म्हणून त्याच्या वाड्याशी जोडलेली बलुतेदार घरंही जाधव. पाटलाचं कूळ तेच आपलं कूळ, अशी रीत जुन्या गावगाड्यात होती. दुसरी वाट फौजेची. ज्या सरदाराच्या निशाणाखाली लढले त्याचं नाव मागे लागलं. तिसरी वाट कारकुनाची. शाळेत किंवा पलटणीत नाव घालताना ‘आडनाव काय?’ असं विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा गावातलं ठाऊक असलेलं नाव चढवलं. चौथी वाट खरंच रक्ताची. कुणी वाळीत पडला, कुणी दुसऱ्या जातीत संसार मांडला, त्याची मुलं आईच्या जातीत वाढली आणि नाव बापाचं राहिलं. ही वाट लोक बोलून दाखवत नाहीत, पण ती होती.

बंजारा समाजाची गोष्ट निराळी आहे. तिथे राठोड, पवार, चव्हाण, आडे यांच्यासारखं वडतिया हे जुनं गोत्र आहे आणि महाराष्ट्रात वडतिया लोक ‘जाधव’ लिहितात. तेच गोत्र तेलंगणात ‘वडत्या’ म्हणूनच नोंदलं जातं. म्हणजे दोन सख्ख्या भावांच्या वंशजांपैकी एकाचं आडनाव जाधव आणि दुसऱ्याचं वडत्या, हे सहज शक्य आहे. डीएनए त्यांना जुळवील, आडनाव जुळवणार नाही.

६. आडनाव लावायची पद्धत मुळात कधीपासून आहे?

कुळीचं नाव जुनं, पण ते रोज लिहायची सवय बरीच नवी. जुन्या कागदात माणूस ‘अमुकाजी बिन तमुकाजी, मोकदम मौजे अमुक’ असा येतो. कूळ लागतं ते वतनाच्या भांडणात किंवा सोयरिकीत. जमिनीची मोजणी, जनगणना, सरकारी शाळा, रेल्वे, गिरणी आणि पलटण यांनी एकोणिसाव्या शतकात प्रत्येकाला कायमचं आडनाव चिकटवलं. एकाच बापाचे दोन मुलगे, एकाने गावावरून ‘-कर’ लावलं आणि दुसऱ्याने कुळी लावली, अशी उदाहरणं घरोघर सापडतील. म्हणून आडनाव बदललं दिसलं तर गोंधळून जाऊ नका, शोध गावाच्या नावावर चालू ठेवा.

७. उत्तरेकडचे यादव, गुजरातचे जाडेजा, जैसलमेरचे भाटी, हे आपले भाऊबंद का?

यदुवंशाचा दावा या सगळ्यांचा आहे. करौलीचे राजे, म्हैसूरचे वडियार आणि होयसळही तोच सांगत. एका पुराणपुरुषाला सगळ्यांनी आपला म्हणणं हे त्या काळच्या राजेपणाचं लक्षण होतं. एका बापाची लेकरं असल्याचा तो पुरावा नव्हे. उत्तरेत ‘यादव’ हे आडनाव सरसकट रूढ झालं ते विसाव्या शतकातल्या समाजसंघटनेतून. अहीर आणि गवळी समाजांनी एकत्र येऊन ते जाणीवपूर्वक धरलं. त्यांचा आणि मराठी जाधवांचा संबंध नावापुरता समजावा.

८. डीएनए चाचणी करायची आहे. नेमकी कुठली?

तीन प्रकार आहेत आणि तिन्ही वेगळी उत्तरं देतात.

वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, जवळजवळ जसंच्या तसं. आडनावही आपल्याकडे तसंच चालतं, म्हणून आडनावाच्या शोधासाठी हीच चाचणी. ती फक्त पुरुषाची होते. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे नेतात फक्त मुली. ही आई, आजी, पणजीची ओळ. आडनावाबद्दल ती गप्प असते. तिसरी सर्वसाधारण चाचणी बाकीच्या गुणसूत्रांची. त्यात आईबाप दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो आणि दर पिढीला तो पुन्हा पिसला जातो. जवळचे नातेवाईक शोधायला ती उत्तम, पण जुन्या पूर्वजासाठी निरुपयोगी.

निरुपयोगी का, ते आकड्यांत बघा. लखुजीरावांचा काळ आजपासून साधारण तेरा पिढ्या मागे. तेरा पिढ्या मागे तुमच्या वंशवृक्षात ८,१९२ जागा आहेत. लखुजीराव त्यांतल्या एका जागेवर बसले असले तरी त्यांचा एकही तुकडा तुमच्यात उरला नसण्याचीच शक्यता जास्त. वाय-गुणसूत्र तेवढं टिकतं, आणि तेही साखळीत सगळे मुलगेच असतील तर.

९. आडनाव आणि वाय-गुणसूत्र खरंच बरोबर चालतात का?

विलायतेत हे तपासलं गेलं आहे. २००० साली सायक्स आडनावाच्या पुरुषांवरचा अभ्यास छापून आला. अभ्यासक स्वतः त्याच आडनावाचे होते. तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं वाय-गुणसूत्र एकच निघालं. पुढे २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी चाळीस आडनावं घेतली. आडनाव जितकं दुर्मीळ तितकं साम्य जास्त, आणि स्मिथसारख्या सर्रास आडनावात रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकंच साम्य.

आता ‘जाधव’ या दोन टोकांपैकी कुठे बसतं? स्मिथच्या टोकाला. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते मोडतं आणि ते मिळण्याच्या वाटा किती आहेत ते प्रश्न ५ मध्ये आलंच. दोन अनोळखी जाधवांचं वाय जुळलं नाही तर त्यात आश्चर्य काहीच नाही. जुळलं तर आश्चर्य.

१०. माझ्या निकालात ३७ खुणा आहेत. दुसऱ्या एका जाधवाशी १२ जुळतात. म्हणजे नातं आहे?

कोष्टकात डोकावू या. प्रत्येक ओळीत एक ठिकाण असतं, म्हणजे डीवायएस ३९०, डीवायएस ३९३ अशी नावं, आणि पुढे एक आकडा. त्या ठिकाणी डीएनएच्या बहुधा चार अक्षरांचा एक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला आहे, तो हा आकडा. तुमच्या डीवायएस ३९० पुढे २४ आणि त्यांच्यापुढे २५ असेल, तर कुठल्या तरी पिढीत नक्कल होताना एक तुकडा वाढला किंवा गळला.

३७ पैकी ३६ किंवा ३७ जुळले तर मागच्या काही शतकांतला पूर्वज एक असण्याची दाट शक्यता. ३५ जुळले तरी आशा आहे. ३२-३३ च्या खाली गेलात तर तुमच्या वाटा आडनाव रूढ होण्याच्या कितीतरी आधीच फुटल्या. आणि नुसत्या १२ खुणांची चाचणी करून १२ च्या १२ जुळल्या, तर त्याला फारसा अर्थ नाही. एवढं साम्य हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या माणसांतही योगायोगाने सापडतं. लोक अशा जुळणीवर लगेच ‘भाऊबंद सापडले’ म्हणून पेढे वाटतात. थोडं थांबा, ३७ किंवा १११ खुणांपर्यंत जा.

११. जाधवांचा हॅप्लोग्रुप कोणता? माझा आर१ए आला, म्हणजे आम्ही अस्सल क्षत्रिय ना?

हॅप्लोग्रुप म्हणजे वाय-गुणसूत्रातल्या फार जुन्या बदलांवरून ठरणारा पितृवंशाचा मोठा गट. जाधवांचा असा एक हॅप्लोग्रुप नाही. महाराष्ट्रात आर१ए, एच, एल, जे२, आर२ हे सगळे मोठ्या प्रमाणात आढळतात आणि यांतला कुठलाही जाधवांत निघू शकतो.

आर१ए चा भारतातला मोठा भाग इसवी सनापूर्वी दोन हजार ते पंधराशेच्या दरम्यान आलेल्या, युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या लोकांशी जोडला जातो. पण तो ब्राह्मणांत सापडतो तसा चेंचूंसारख्या आदिवासींतही सापडतो. एच या भूमीत फार जुना आहे आणि तो सगळ्या थरांत आहे. हॅप्लोग्रुप हा जातीपेक्षा, वर्णापेक्षा, यादवांपेक्षाही जुना. त्यावर क्षत्रियत्व लिहिलेलं नसतं आणि शूद्रत्वही नसतं.

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातले बहुतेक समाज एकमेकांत भरपूर मिसळले आणि मग आपापल्यात लग्नं करू लागले. म्हणजे शुद्ध राहिलेलं कुणीच नाही. निकाल हातात घेऊन शेजाऱ्याला कमी लेखणाऱ्यांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

१२. रामदेवरावाचाच डीएनए मिळवता येणार नाही का? परदेशात राजांचे सांगाडे तपासतात.

आपल्याकडे दहन करतात, सांगाडा उरत नाही. म्हणून मार्ग एकच, जिवंत वंशजांवरून मागे जाण्याचा (प्रश्न ४ ची पद्धत).

आणि सांगाडा मिळाला तरी गुंता सुटतोच असं नाही. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये लेस्टरला जमिनीखाली सापडला. त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातून आलेल्या, आज हयात असलेल्या नातेवाइकांशी मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळला. पण सरदारघराण्याच्या कागदांनुसार ज्या पाच पुरुषांचं वाय जुळायला हवं होतं त्यांतल्या एकाचंही रिचर्डशी जुळलं नाही, आणि पाचांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. जगातल्या सगळ्यांत काटेकोर ठेवलेल्या वंशावळींपैकी एकीची ही कथा.

१३. आम्ही आणि वरच्या आळीतले जाधव एकच भावकी. सुतक एक, देव एक. पण चाचणी जुळली नाही. आता?

असा निकाल आला की घरातल्या बायकांकडे संशयाने बघायला सुरुवात होते. ते तिथल्या तिथे थांबवा. न जुळण्याची कारणं पुष्कळ आहेत. कुणी दत्तक आला असेल. विधवा बहिणीचा मुलगा मामाकडे वाढला आणि मामाचं आडनाव लावलं असेल. घरजावयाला सासऱ्याचं वतन आणि नाव मिळालं असेल. दुष्काळात आलेलं एखादं कुटुंब गावाने भावकीत सामावून घेतलं असेल. दोन्ही आळ्या मुळातच दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असतील आणि नाव एक म्हणून भावकी झाली असेल.

सुतक पाळलं, कार्याला खांदा दिला, बांधावर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांभाळलं, ती भावकी. ती प्रयोगशाळेच्या कागदाने मोडू नये. निकाल सगळ्यांना सांगायचा की नाही हे चाचणी करण्याआधीच ठरवा, नंतर नाही.

१४. दत्तक घेतल्यावर वंश कुणाचा धरायचा?

धर्माने आणि कायद्याने दत्तक घेणाऱ्याचा. वाय-गुणसूत्राने जन्मदात्याचा. दोन्ही खरं.

मोठ्या घराण्यांत दत्तकविधान वारंवार झालं. बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आले, पण ते गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले. तिथे पितृवंश तोच राहतो. राजर्षी शाहू महाराज १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले ते कागलच्या घाटगे घराण्यातून. तिथे कुळी बदलली. त्यामुळे वंशावळीत ‘दत्तक’ हा शब्द दिसला की लगेच पुढे लिहून ठेवा: कुठून आला, भावकीतून की बाहेरून? जाधवांच्या वंशावळीतही हा शब्द तुम्हाला बऱ्याच वेळा भेटेल.

१५. मी मुलगी आहे, भाऊ नाही. मग आमची शाखा संपली का?

नाही. वडील, काका, चुलतभाऊ, आजोबांचा भाऊ, यांपैकी कुणाचाही नमुना तुमच्या पितृवंशासाठी चालतो. आणि वडिलांचा अर्धा डीएनए तुमच्यातही आहेच, फक्त वाय नाही. खरं सांगायचं तर माहिती टिकवण्याचं काम मुलींनीच जास्त केलेलं दिसतं. माहेरची चार गावं आणि सासरची चार गावं तोंडपाठ असणारी आत्या ही कुठल्याही वंशावळीपेक्षा मोठी ठेव आहे.

१६. निकालात शेकडो ‘चौथ्या पायरीचे चुलत’ दिसतात. इतके नातेवाईक कसे?

कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याच शे-दोनशे गावांत सोयरिकी झाल्या. एकाच माणसाशी तुमचं नातं पाच-सहा बाजूंनी लागतं आणि प्रत्येक बाजूचा लहानसा तुकडा मिळून बेरीज फुगते. कंपन्यांचं गणित सहसा असं गृहीत धरतं की नातं एकाच बाजूने आहे. म्हणून आपल्याकडे ‘चौथ्या पायरीचे’ हे बऱ्याचदा सातव्या-आठव्या पायरीचे असतात. एकूण बेरजेपेक्षा सगळ्यांत लांब एकसंध तुकडा किती आहे ते बघा. तो मोठा असेल तरच पत्र लिहा.

याला आरोग्याची बाजूही आहे. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत मूळ पूर्वजांची संख्या इतकी मर्यादित दिसली की त्यांनी या बाबतीत फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांनाही मागे टाकलं. अशा समूहात एखादा दुर्मीळ आनुवंशिक आजार वारंवार दिसू शकतो. घराण्यात तसा आजार असेल तर पूर्वजशोधाच्या चाचणीवर विसंबू नका, आनुवंशिकतेच्या डॉक्टरांकडे जा.

१७. मुलगा जाधव, मुलगी जाधव. डीएनए वेगळा निघाला तर लग्न करायला हरकत नाही ना?

रूढीत एका कुळीत आणि एका देवकात लग्न होत नाही. पण जाधवांचं देवक सगळीकडे एक नाही. कुठे कळंब सांगतात, कुठे पंचपल्लव. शहाण्णव कुळींच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून जुनी माणसं आडनावावर न थांबता देवक, कुलदैवत आणि मूळ गाव तिन्ही विचारत. ती पद्धत शहाणपणाची होती.

कायदा सगोत्र विवाहाला अडवत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांतलं सपिंड नातं बघतो, आणि मामेबहिणीशी लग्नासारख्या रूढीला वाव ठेवतो. वाय वेगळं निघालं म्हणजे नातं नाही असंही होत नाही, आईकडून असू शकतं. मुलामुलीची पसंती असेल तर माझ्या मते निव्वळ आडनावावरून स्थळ मोडू नये. मोडणार असाल तर निदान डीएनएला त्यात ओढू नका.

१८. कुणबी नोंदीसाठी किंवा जातपडताळणीला डीएनए अहवाल जोडला तर चालेल?

नाही. जात ही सामाजिक नोंद आहे, ती रक्तात सापडत नाही. समितीला लागतात कागद: पूर्वजाच्या नावापुढे जात लिहिलेली नोंद, आणि तिथपासून तुमच्यापर्यंतची वंशावळ. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर निजामकाळातले आणि इतर जुने कागद तपासायला सुरुवात झाली, तेव्हापासून हा प्रश्न फार येतो. कागद कुठले, ते पुढच्या उत्तरात.

१९. जुनी नावं शोधायची तर कुठे जायचं? पणजोबांच्या मागचं काहीच माहीत नाही.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षापासून सुरुवात करा. जुना सातबारा, फेरफार, हक्कनोंद, कडईपत्रक. फेरफाराची नोंद विशेष बघा. ‘अमुक मयत, वारस मुलगे तीन’ अशा एका ओळीत एक पिढी हाती लागते. मग गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी मिळतात. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका.

एकोणिसाव्या शतकात शिरलात की मोडी लागते. मोडी वाचणारी माणसं जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि आपण स्वतः शिकलं तर अधिक चांगलं. इनाम-वतनाचं प्रकरण असेल तर पुण्याचं आणि कोल्हापूरचं पुरालेखागार.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा वेगळाच खजिना. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, प्रयाग. भटजींना आडनाव आणि गाव सांगायचं. ते लाल कापडात बांधलेली लांबट वही काढतात, गावाच्या पानावर येतात आणि वाचू लागतात: उपनाव जाधव, मौजे अमुक, आलेल्याचं नाव, बापाचं, आज्याचं, पणज्याचं, भाऊ, मुलगे, कुणाच्या श्राद्धाला आले ते, खाली सही. सही येत नसेल तर शेजारी ‘निशाणी’ आणि नांगराचं लहानसं चित्र. पानाचा फोटो मागण्याआधी विचारा, दक्षिणा द्या, आणि तुमच्या पुढच्या पिढीची नावं तिथे घालून या.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात हेळवी येतात. बैल घेऊन दारात उभे राहतात आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात. त्यांचं ऐकून घ्या, ध्वनिमुद्रण करा. पोवाड्याच्या अंगाने आलेला भाग आणि नावांची यादी वेगळी काढा. शेवटच्या पाच-सहा पिढ्यांत ते सहसा चुकत नाहीत.

२०. आमचे पूर्वज मॉरिशसला गेले. तिथे जाधव आडनावच उरलं नाही. कसं शोधायचं?

गिरमिटाच्या, म्हणजे मजुरीच्या कराराच्या, नोंदीत बापाचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव झालं, हे तिथे अनेकांचं झालं. बरेच मराठी लोक रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून गेले होते. जहाजाची नोंद मिळाली तर तिच्यात गाव, तालुका, जात, वय असतं. ती आधी मिळवा. इथे वाय-गुणसूत्राचा खरा उपयोग आहे, कारण नाव तुटलं तरी ते तुटत नाही. मूळ गाव कळलं की तिथल्या जाधवांपैकी कुणाला विनंती करून ताडून बघता येईल.

२१. एवढी माहिती परदेशी कंपनीला देणं सुरक्षित आहे का?

विचार करूनच द्या. २३अँडमी या कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. शिवाय तुमचा निकाल हा तुमच्या भावाचा, मुलाचा, चुलत्याचाही निकाल असतो. वाय-गुणसूत्राच्या बाबतीत तर अख्ख्या भावकीचा. म्हणून नमुना पाठवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्या, टोपणनावाने खातं उघडा, संशोधनासाठी संमतीची खूण विचार करून करा, आणि काम झालं की नमुना नष्ट करायला सांगा. ती सोय बहुतेक ठिकाणी आहे, फक्त ती मागावी लागते.